हातात आहे ते सांग

अनेक आशीर्वाद.

"पुढच्या रविवारी वाचनकट्ट्यावर सांगता येतील अशी दहा चांगली पुस्तकं सुचवा, म्हणजे पुन्हा फजिती होणार नाही," असं तू लिहिलं आहेस. यादी मी देणार नाही. ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीत जन्म गेलेल्या बाईकडे याद्यांना काय तोटा? पण तुझी अडचण वाचन कमी पडल्याची नाहीच. तू भरपूर वाचतेस. वाचतेस एक आणि सांगायला गेलीस दुसरं, एवढीच अडचण आहे.

"सध्या काय वाचतेस?" असं कट्ट्यावर विचारल्यावर तू मराठीतल्या चार ज्ञानपीठ मानकऱ्यांपैकी एकाचं नाव घेतलंस. शेजारच्या सरांनी आपुलकीनं "शेवट कसा वाटला?" म्हटलं आणि तुला बोलता येईना. किती मेल्यासारखं झालं असेल, ते मला कळतं. पण आदल्या रात्री तू फोनवर एक भयकथा पहाटेपर्यंत वाचत बसली होतीस, हेही तूच पत्रात लिहिलं आहेस. मग तीच का नाही सांगितलीस? तुझी परीक्षा कुणी घेत नव्हतं. हातात काय आहे, एवढंच विचारलं होतं. हातात आहे ते सांगायचं.

आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटी तारखेची पट्टी चिकटवलेली असायची. पुस्तक बाहेर गेलं की तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का पडायचा. पट्टी भरली की तिच्यावर दुसरी चिकटवायची. गावात खरोखर काय वाचलं जातं, हे मला त्या पट्ट्यांनी सांगितलं. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, सभागृहात भाषणं व्हायची, वाचकांचे सत्कार व्हायचे, आवडत्या पुस्तकांची नावं घेतली जायची. दुसऱ्या दिवशी मी कपाटाशी जाऊन त्यातली काही पुस्तकं उघडून बघायची. पट्टीवर वर्षभरात एखादाच शिक्का. आणि रहस्यकथांच्या, भयकथांच्या, ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या पट्ट्या थरावर थर चढून पुठ्ठ्यासारख्या जाड झालेल्या. बांधणी सुटायची, आम्ही पुन्हा बायंडरकडे पाठवायचो. त्या पुस्तकांची नावं मात्र सभेत कुणीच घेत नसे.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वाचणारे असल्याशिवाय हजार पुस्तकं छापली जात नाहीत. ते वाचक गेले कुठे? साठी उलटल्यावर "आम्ही लहानपणी अर्नाळकरांच्या झुंजारच्या गोष्टी वाचायचो" असं हसत सांगणारे पुष्कळ भेटले. पण पुस्तक हातात असताना, त्याच दिवशी, चारचौघांत सांगणारे फार थोडे. म्हणून मराठीत या प्रकारावर आपापसांत नीट बोलणं झालंच नाही, असं माझं ठाम मत आहे. कुठली चांगली उतरली, कुठली घाईत लिहिली, कुठे रहस्य आधीच फुटतं, याची पारख करणारे वाचक होते. ते कोपऱ्यात, एकमेकांच्या कानात बोलत राहिले.

त्यातल्या एकाबद्दल सांगते. एसटीत कंडक्टर होते. सुट्टीच्या दिवशी यायचे आणि फक्त भयकथा न्यायचे. एकदा खिडकीशी मला म्हणाले, "बाई, ज्या गोष्टीत भूत शेवटपर्यंत दिसत नाही, तेवढ्याच मला चालतात. दिसलं की भीती संपली." त्या एका वाक्यात मला त्यांची सगळी आवड कळली. त्यांना भूत नको होतं, चाहूल हवी होती. मी त्यांना जंगलातल्या मचाणावरच्या रात्रींचं एक पुस्तक दिलं. शिकारीचं, भुताचा संबंध नाही. ते परत करायला आले तेव्हा अर्धा तास खिडकीशी उभे राहून बोलत होते. पुढे प्रवासवर्णनं नेली, मग बर्फात अडकलेल्या गिर्यारोहकांची पुस्तकं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा म्हणतो की प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, तिसरा म्हणतो की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. परीक्षेसाठी हे नियम सगळेच पाठ करतात. पण वाचकाने खरं सांगितलं नाही, तर ग्रंथपाल तरी काय करणार? कंडक्टर साहेबांनी त्या दिवशी एखाद्या वजनदार कादंबरीचं नाव घेतलं असतं, तर मी त्यांना तसलीच दुसरी दिली असती आणि ती न वाचता परत आली असती.

त्यांना मी हौसेनं आमच्या वाचकमंडळात नेलं. पाळी आली तेव्हा त्यांनी जे हातात होतं तेच सांगितलं. दोघंतिघं हसले. वाईट हेतूनं नसेल, पण हसले. ते पुन्हा मंडळात आले नाहीत. पुस्तकं न्यायला येत राहिले, पण खिडकीशी बोलणं बंद झालं. त्या मंडळात एवढं नेमकं बोलणारा दुसरा वाचक नव्हता, आणि तोच आम्ही गमावला. याची खंत मला आजही आहे. तुझं पत्र वाचून ती पुन्हा वर आली, म्हणून इतकं लांबवून लिहिते आहे.

त्यानंतर मी मंडळात नियम करून घेतला: ज्या पुस्तकावर बोलायचं ते बरोबर आणायचं, आणि कितव्या पानावर आहोत ते आधी सांगायचं. पुष्कळांना हा अपमान वाटला. "आम्ही काय शाळकरी आहोत का?" असं म्हणून काही जाणती माणसं निघून गेली. त्यात माझे एक स्नेही होते. जुन्या बखरींवर ते बोलायला लागले की रात्र व्हायची. त्यांची उणीव मला भासते. मी चांगली माणसं घालवली, असं अजून बोललं जातं. बोलू देत. नियम नसता तर ती राहिली असती आणि बाकीचे गप्प बसले असते. नियमानंतर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई पहिल्यांदा बोलल्या. त्यांच्या हातात पाककृतींचं जुनं पुस्तक होतं आणि त्यातली मापं आजच्या भांड्यांना कशी जुळत नाहीत, हे त्यांनी इतकं सुंदर उलगडलं की पुढच्या आठवड्यात ते पुस्तक मागायला पाचसहाजण आले. मी तोच नियम पुन्हा करीन.

तुला वाटेल, बाई जुन्याच गोष्टी उगाळताहेत. मग आजचं बोलू. पुस्तकांची चळत खिडकीत मांडून, शेजारी कॉफीचा कप ठेवून फोटो टाकणारे तुझे मित्रमैत्रिणी मला ठाऊक आहेत. त्या चळतीतलं कुठलं उघडलं, कुठलं चाळलं, कुठलं चाळीस पानांवर ठेवून दिलं, ते सांगा ना! तेवढंच उपयोगाचं असतं. "सोडून दिलं" असं सांगायला तर कुणी धजतच नाही, आणि मला विचारशील तर वाचकाकडून मिळणारी ती सर्वांत मोलाची माहिती. कुठे सोडलं आणि का, हे कळलं की दुसऱ्याला ठरवता येतं. कदाचित तू ज्या लांबलचक वर्णनांना कंटाळलीस, तीच त्याला हवी असतील.

आवडीचा प्रकार सांगतानाही तसंच. "मला सामाजिक कादंबऱ्या आवडतात" किंवा "मी सगळंच वाचते" यातून ऐकणाऱ्याला काही मिळत नाही. तू लिहिलं आहेस की तुला भयकथेत घर हवं असतं: वाडा, माजघर, बंद खोली. रानातली, स्मशानातली भीती तुला लागत नाही. हे तू मला लिहू शकतेस, मग वीस माणसांसमोर का नाही? त्या वीसजणांत कुणीतरी असेल ज्याला एखादी वाड्याचीच कथा ठाऊक असेल. तो तुझ्या उत्तराची वाट बघत होता आणि तू त्याला भलतंच नाव सांगितलंस.

दिवाळी अंकांच्या वेळी बघ. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत ही देवाणघेवाण चालू आहे. ग्रंथालयात अंक योजनेची वर्गणी भरली की माणसं खिडकीशी एकमेकांना सांगतात, "यातली दुसरी कथा वाच, बाकीचं सोड. भविष्याचं पान फाटलंय." कुणी आव आणत नाही. बोलणं खरं, नेमकं, आणि ऐकणारा लगेच तो अंक मागतो. तीच माणसं पौषात पुस्तकावर बोलायला बसली की आवाज बदलतो. हे कोडं मला सुटलेलं नाही, पण राग मात्र येतो.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते. या उपक्रमाच्या पेट्या दुबईपर्यंत गेल्या आहेत. शंभर पुस्तकं एकदम समोर आली की आधी कुठलं उचलायचं? परमुलखात तर समीक्षकही जवळ नसतो. गटातल्या कुणीतरी "मी हे एका बैठकीत संपवलं" किंवा "मला हे जमलं नाही" असं खरं सांगितलं, तरच त्या पेटीचा उपयोग.

आणि हो, मोठी पुस्तकं वाचू नकोस असं मी म्हणत नाही. ज्याचं नाव घेतलंस ते पुस्तक घरात असेल तर उघड. दहा पानं झाली की "दहा पानं झाली, भाषा जड जाते आहे" असं सांग. हेही हातातलंच आहे. सरांना ते ऐकून आनंद होईल. कुठून सुरुवात करायची तेही कदाचित सुचवतील. ते चांगले गृहस्थ आहेत, मी त्यांना ओळखते.

माझ्या हातात सध्या पेशवेकालीन पत्रांचा एक संग्रह आहे. १४० व्या पानावर आहे, मोडीतून लिप्यंतर करताना राहिलेल्या गाळलेल्या जागांपाशी दरवेळी थांबायला होतं. रात्री मात्र डोळे दमले की परदेशी गुप्तहेराची अनुवादित कादंबरी वाचते, आणि ती संपत आली म्हणून मला हळहळ वाटते आहे. दोन्ही पुस्तकं रविवारी आणणार आहे.

तू तुझी भयकथा आण. फोनवर असेल तर फोन आण, पण ती जागा काढून ठेव जिथे भीतीनं तू दार लावून घेतलंस असं लिहिलं आहेस. तेवढा परिच्छेद वाचून दाखव. बसायला खिडकीकडची रांग धर, तिथून आवाज सगळ्यांना ऐकू येतो.

तुझी,
काकू