वाचकांचे प्रश्न : बाळाच्या मेंदूतलं पाणी आणि शंटची घाई

प्रश्न : आमचं बाळ 28 आठवड्यांचं, 1100 ग्रॅमचं जन्मलं. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत मेंदूत रक्तस्राव दिसला. आता पाचवा आठवडा आहे. ‘पाणी वाढतंय, रिझर्व्हॉयर (पाणी काढण्यासाठी त्वचेखाली बसवायची डबी) बसवू,’ असं डॉक्टर म्हणतात. डोक्याचा घेर तर फारसा वाढलेला नाही. थोडं थांबलं तर? आणि करायचंच तर एकदाच शंट (मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी कायमची नळी) का नको?
— एक वाचक, सातारा

उत्तर : घेरावर विसंबू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू मऊ असतो. आतल्या पाण्याच्या पोकळ्या आधी त्याला दाबत फुगतात, कवटी मागाहून वाढते. घेर आठवड्याला 2 सेंमीनं वाढू लागेपर्यंत किंवा टाळू ताठ होईपर्यंत वाट पाहणं म्हणजे उशीर. म्हणून तर टाळूवरून सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करतात. त्यात क्ष-किरण नसतात आणि बाळाला काचपेटीतून हलवावंही लागत नाही. रिपोर्टमधला ‘व्हेंट्रिक्युलर इंडेक्स’ विचारून घ्या. मेंदूच्या मध्यरेषेपासून पोकळीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं हे अंतर. त्या वयाच्या 97व्या पर्सेंटाइलच्या (शंभरातल्या 97 बाळांचं माप जिच्या आत असतं, त्या रेषेच्या) 4 मिमी वर गेलं की हात घालायचा, ही जुनी रेघ. बरेच तज्ज्ञ आता तिथवर थांबत नाहीत, आणि आम्हालाही ते पटतं. मात्र एका मापावर काही ठरवू नये; ओळीनं घेतलेली मापं बघावीत.

शंट आत्ताच बसवला तर पाण्यातलं जुनं रक्त आणि प्रथिनं त्याची झडप (व्हॉल्व्ह) तुंबवतात. एवढ्याशा बाळाची कातडी पातळ, तिच्याखालचं साहित्य टोचून वर येऊ शकतं. जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. त्यामुळे वजन साधारण 2 ते 2.5 किलो होईपर्यंत आणि पाणी निवळेपर्यंत थांबतात.

तोवर रिझर्व्हॉयर. डोक्याच्या त्वचेखाली बटणाएवढी डबी, तिची नळी पोकळीत. त्वचा निर्जंतुक करून बारीक बटरफ्लाय सुई डबीत घालतात आणि एका वेळी किलोमागे साधारण 10 मिली पाणी काढतात. म्हणजे दीड किलोच्या बाळाचं 15 मिली, तेही सावकाश, 15 मिनिटं तरी घेऊन. भराभर ओढलं तर ठोके मंदावतात, श्वास थांबू शकतो. पाण्याबरोबर सोडियमही जातं, म्हणून रक्तातलं सोडियम वरचेवर तपासायला हवं. काही बाळांचं एवढ्यावरच भागतं, शंट लागतच नाही.

दुर्बिणीनं मेंदूत पाण्याला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया कुणी सुचवेल. रक्तस्रावानंतर, इतक्या लहान वयात ती बहुधा टिकत नाही. ॲसिटाझोलामाइडसारखी पाणी कमी करणारी औषधं मात्र नकोतच. अभ्यासांत त्यांनी शंट टळला नाही, उलट अपाय झाला.