उजव्या बाजूला रक्त, लकवाही उजव्याच बाजूला?

प्रश्न : माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. उन्हाळ्यात वावरातून परतताना ते बंडीवरून पडले. डोक्याला मुका मार लागला, पण तेव्हा काही जाणवले नाही. महिनाभरात मात्र उजवा हात आणि पाय लुळा पडत गेला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साचल्याचे निघाले आणि त्याच बाजूने कवटीला छिद्र पाडून ते काढण्यात आले. आता ते काठी धरून चालतात. पण गावात सगळे म्हणतात, लकवा नेहमी उलट बाजूला मारतो, म्हणजे ऑपरेशन चुकीच्या बाजूने झाले. फिल्मवर डाग डावीकडे दिसतो, असे दीरही म्हणतात. यात खरे काय?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आधी फिल्मबद्दल. सीटी स्कॅनचे चित्र रुग्णाच्या पायांकडून डोक्याकडे पाहिल्यासारखे छापलेले असते, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. फिल्मच्या कडेला बहुधा ‘आर’ हे इंग्रजी अक्षर असते. ते जिकडे आहे ती रुग्णाची उजवी बाजू. डाग त्याच बाजूला असेल, तर रक्त उजवीकडेच होते आणि ते योग्य बाजूनेच काढले गेले.

गावकऱ्यांचे म्हणणे नियम म्हणून बरोबर आहे. मेंदूकडून हातापायांना आज्ञा नेणाऱ्या मुख्य तंतूंपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के तंतू लंबमज्जेच्या, म्हणजे मज्जारज्जूला जोडलेल्या मेंदूच्या सर्वांत खालच्या भागाच्या, खालच्या टोकाशी बाजू बदलतात आणि म्हणून उजव्या मेंदूला इजा झाली की डावे अंग लुळे पडते. मात्र हा नियम न मोडताही रक्त आणि लकवा एकाच बाजूला येऊ शकतात. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामध्ये एक टणक पडदा असतो व त्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून मेंदूचा देठ खाली उतरतो. उजवीकडे साचलेले रक्त मेंदूला डावीकडे ढकलते, तेव्हा देठाची डावी बाजू त्या पडद्याच्या धारेवर दाबली जाते. आणि तिथले तंतू पुढे खाली जाऊन उजव्या बाजूला ओलांडणारे असल्यामुळे लुळे पडते ते उजवे अंग. या दाबाने देठावर पडणाऱ्या खाचेचे वर्णन कर्नोहान आणि वोल्टमन यांनी १९२९ मध्ये केले. रक्त काढल्यानंतर आपले सासरे चालू लागले, हेही याच कारणाशी जुळते. खात्री हवीच असेल, तर एमआरआयमध्ये देठाच्या डाव्या बाजूची खूण कधीकधी दिसते.

तंतू जन्मतःच बाजू न बदलणारी माणसेही असतात, पण ती फार विरळा. अशा एका विकाराचे मूळ रोबो-३ या जनुकातील दोषात असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. या मुलांचे डोळे लहानपणापासून डावीकडे-उजवीकडे वळत नाहीत. बाजूला पाहायचे तर ती सगळी मान फिरवतात, आणि शाळेच्या वयात पाठीचा कणा वाकू लागतो. आई-वडील दोघांकडूनही दोष आला तरच विकार होतो, म्हणून मामे-आते भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत तो दिसण्याची शक्यता अधिक. नवल म्हणजे या मुलांचे हातपाय बहुधा व्यवस्थित चालतात, त्यामुळे मार्ग वेगळा आहे हे घरच्यांना कळतच नाही. ते महत्त्वाचे ठरते कण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, कारण तेव्हा मेंदूला संकेत देऊन हातापायांचा प्रतिसाद तपासला जातो आणि तो त्याच बाजूला उमटल्यास यंत्राच्या तारा उलट जोडल्या गेल्या असाव्यात, असे वाटू शकते. पुढे कधी पक्षाघात झाला, तरी बाजू ठरवताना हीच अडचण येते. आपल्या सासऱ्यांचे डोळे दोन्हीकडे नीट वळत असतील, तर या विकाराचा विचार करण्याचे कारण नाही.

बाजूच्या वादापेक्षा मला काळजी वाटते ती रक्त पुन्हा साचण्याची. या वयात ते काही आठवड्यांतही साचू शकते. डोके दुखणे, सारखी झोप येणे, बोलण्यात गोंधळ किंवा चाल पुन्हा बिघडणे यांपैकी काहीही दिसले, तर कोणते अंग लुळे पडते आहे याची वाट न पाहता, जुनी फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन सेवाग्राम किंवा नागपूर गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःहून बंद करू नये, पण डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी.