ड्रॉप आर्मला वेल्डिंग नको

जुन्या जीपच्या चेसिसवर हॉट रॉड (जुन्या गाडीवर जोरदार इंजिन चढवून केलेली गाडी) बांधताय, इंजिनला स्टिअरिंग बॉक्स आडवा येतोय, म्हणून बॉक्स पुढे सरकवायचा आणि ड्रॉप आर्म (बॉक्सचा जोर चाकांकडे नेणारा दांडा) कापून-जोडून लांब करायचा, असं तुम्ही लिहिलंय. बॉक्स खुशाल सरकवा. आर्म मात्र कापू नका. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्यांचा हात कितीही पक्का असो, हा आर्म फोर्जिंगचा (ठोकून घडवलेला), हीट ट्रीटमेंट दिलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि तडा तिथूनच जातो. हैदराबाद रोडवर तो तुटला तर स्टिअरिंग नुसतंच फिरेल, चाकं वळणार नाहीत. आर्म ज्यावर बसतो, त्या बॉक्सच्या सेक्टर शाफ्टलाही आच लावायची नाही. त्याच स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या दातांचा) लांब आर्म भंगार बाजारात शोधा. पण आर्म लांब झाला की स्टिअरिंग जड होतं, हे धरून चला.

आता दिशा. ड्रॅग लिंक (आर्मपासून चाकाकडे जाणारी सळी) आडवी, म्हणजे गाडीच्या रुंदीत असताना मागे तोंड असलेला आर्म पुढे वळवला, की चाकं उलटी वळतात. बॉक्स पालथा घातला तरी तेच. दोन्ही केलं तर पुन्हा सुलट. अमेरिकेत कॉर्व्हेअर या जुन्या शेव्हरोले गाडीच्या बॉक्सचा सेक्टर शाफ्ट दुसऱ्या बाजूने बाहेर काढून बसवतात, तो याच हिशेबासाठी.

ब्रॅकेट पक्कं करण्याआधी पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला फक्त मेन पाटा ठेवा, बाकीचे काढा आणि जॅकने अ‍ॅक्सल वरखाली करून बघा. स्टिअरिंग धरून ठेवलेलं असताना चाक आपोआप वळत असेल, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी हातातून ओढ घेणार. ड्रॅग लिंक जितकी लांब आणि टाय रॉडला (दोन्ही चाकं जोडणाऱ्या सळीला) जितकी समांतर, तितका हा त्रास कमी. माझ्या मते सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथेच द्यावा.

चाकं सरळ असताना बॉक्सही बरोबर मध्यावर हवा, कारण प्ले (ढिलेपणा) तिथेच सर्वांत कमी ठेवलेला असतो. अ‍ॅडजस्टिंग स्क्रूही मध्यावरच आवळा. बॉक्स तिरका बसवला तर ऑईल वरच्या बेअरिंगपर्यंत पोचतंय का, ते तपासा.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत. एमएच-१३ची (सोलापूरची) पाटी लावून रस्त्यावर काढायची असेल, तर कापाकापीआधी आरटीओत विचारा.

सेक्टर शाफ्टच्या स्प्लाइनचे दात मोजून आणि व्यास मापून इथे टाका, कोणता आर्म बसेल ते बघू.