बाग-विचारणा : नभाळीचे लाड

प्रश्न : गच्चीवर जांभ्याचे चिरे रचून मी छोटी दगडी बाग केली आहे. सप्टेंबरात साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या पुढे, कास पठाराच्या रस्त्याला, एका बांधावर वीतभरही उंच नसलेलं रोप दिसलं. पानं जाडसर, लवदार. फुलं जांभळट निळी, केसाळ. चार रोपं उपटून आणली. शेणखत, कोकोपीट घालून कुंडीत लावली, रोज दोन वेळा पाणी दिलं. दहा दिवसांत बुडातून कुजली. हे फूल कोणतं आणि माझं काय चुकलं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही नभाळी. हिची बहीण आभाळी अंगानं मोठी आणि मुळाशी गड्डे धरणारी. दोघी केन्याच्या कुळातल्या. तोच केना, ज्याच्या पानांची आपण पावसाळ्यात भजी करतो. फूल सकाळी नीट बघा. पाकळ्या तीनच, आणि ते केस पाकळ्यांचे नव्हेतच, पुंकेसरांच्या दांड्यांवरचे आहेत. उन्हं चढली की फूल मिटतं, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांनी हिच्या नादी लागू नये.

चुकलं म्हणाल तर लाड झाले. कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, हिला मिळतं काय? जांभ्याच्या खाचेत साठलेली चिमूटभर माती. पाऊस धो धो, पण पाणी थांबत नाही. शेणखत हिच्या पचनी पडत नाही. मीही पहिल्या वर्षी गांडूळखत घालून हिला घालवलीच होती.

नंतर सासूबाईंचं तडकलेलं दगडी उखळ कामी आलं. तळाला खडी, वर मुरूम आणि अगदी वर दोन बोटं माती. तड्यातून पाणी आपसूक गळतं. उन्हात पानं तांबूस झाली तेव्हा मी घाबरले होते. पण उलट त्या वर्षी फुलं जास्त आली. तुमच्या चिऱ्यांच्या फटीत मुरूम ठासा, तेवढं पुरे. संगमरवरी पांढऱ्या खड्या मात्र पसरू नका, बाग देवघरासारखी दिसते.

पाऊस संपला की पाणी हळूहळू तोडा. रोप वाळेल, वाळू दे. ते उपटून माती बदलायची हौस मे महिन्यात अनेकांना येते. पडलेलं बी त्या मातीतच असतं. जूनच्या सरींनंतर बारीक कोंब दिसले तर तण समजून खुरपू नका. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचा.

आणि उपटून आणणं बंद. कास 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे फूल तोडायलाही मनाई आहे. बांध कुणाच्या तरी शेताचा असतो. मालकाला विचारून पेरासकट, म्हणजे पान फुटतं त्या गाठीसकट, बोटभर काडी घ्या. ओल्या मुरमात ती पेरापाशी मुळं धरते, माझ्याकडे तरी धरली. नाहीच मिळाली तर ऑक्टोबरनंतर पुन्हा लिहा, उखळातलं बी पुडीत बांधून ठेवते.