वाचकांचे प्रश्न : तिशीतला नवखा

प्रश्न : माझा पुतण्या शिवाजीनगरच्या मैदानावर बास्केटबॉल खेळतो आणि एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील डोमांटास साबोनिसचे सामने पहाटे उठून पाहतो. डोमांटासचे वडील अर्विदास हे त्याच्याहून मोठे खेळाडू होते, पण अमेरिकेत ते तिशीत पोहोचले, असे तो सांगतो. ते इतक्या उशिरा का गेले? त्यांची कारकीर्द अपुरी राहिली असे म्हणावे का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पहिली अडचण पासपोर्टाची होती. अर्विदास यांचा जन्म १९६४ सालचा, लिथुआनियातील कौनास शहरातला, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघातला. उंची ७ फूट ३ इंच. कौनासच्या झालगिरिस संघाने १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे मॉस्कोच्या लष्करी संघाला मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद मिळवले, ते प्रामुख्याने त्यांच्या बळावर. १९८६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या संघाने त्यांना २४ व्या क्रमांकावर निवडले. मात्र निवड होणे आणि देशाबाहेर खेळण्याची परवानगी मिळणे यांत तेव्हा फार अंतर होते.

त्यातच टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीज टेंडन, तुटली. गंमत अशी की १९८८ मध्ये ते पोर्टलंडला गेले खरे, पण या दुखापतीवरील उपचारांसाठी. आणि त्याच वर्षी सोल ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात त्यांच्या सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ असे हरवून पुढे सुवर्णपदकही जिंकले. १९८९ मध्ये वाट मोकळी झाली तेव्हा दुखऱ्या पायांचा विचार करून त्यांनी स्पेन निवडले : आधी वायादोलिद, नंतर रियाल माद्रिद, ज्या संघासाठी त्यांनी १९९५ मध्ये युरोपीय अजिंक्यपद मिळवून दिले. दरम्यान १९९२ मध्ये बार्सिलोनात स्वतंत्र लिथुआनियाने जुन्या सोव्हिएत देशांच्या संयुक्त संघाला नमवून कांस्यपदक पटकावले होते.

१९९५ मध्ये पोर्टलंडने अखेर त्यांना करारबद्ध केले, तेव्हा त्यांचा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले होते की, या माणसाला अपंगांसाठी राखीव असलेली पार्किंगची जागाही मिळू शकेल. तरीही पहिल्या हंगामात त्यांनी सामन्यामागे १४.५ गुण आणि ८.१ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) मिळवले. उडी जवळजवळ संपली होती. हात आणि नजर मात्र शाबूत होती. रिंगपासून बारा-पंधरा फुटांवर ते चेंडू डोक्यावर धरून उभे राहत, बचावपटू जवळ येण्याची वाट पाहत, आणि त्याच्या पाठीमागून धावत सुटलेल्या सहकाऱ्याकडे, मान न वळवता, चेंडू सोडत. आपल्याकडे उंच मुलाला रिंगखाली उभे करून "हात वर ठेव" एवढेच सांगतात, त्या सवयीला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

कारकीर्द अपुरी राहिली का? एनबीएचीच फूटपट्टी लावली तर होय. पण ती एकच फूटपट्टी का लावावी, हे मला कधी पटलेले नाही. २००३-०४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, झालगिरिसकडून खेळताना ते युरोपातील अव्वल क्लब स्पर्धेच्या, युरोलीगच्या, साखळी फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरले होते. २०११ मध्ये अमेरिकेतील नेस्मिथ हॉल ऑफ फेम या बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मान-दालनानेही त्यांना स्थान दिले. पुतण्याला त्यांच्या खेळाची १९८६ च्या जागतिक स्पर्धेतील आणि पोर्टलंडच्या दिवसांतील चित्रणे एकापाठोपाठ पाहायला सांगा, आणि दुसऱ्या चित्रणात चेंडूपेक्षा त्यांच्या पावलांकडे लक्ष द्यायला सांगा.