सांभाळणार कोण, ते आधी सांग

तुझा मेसेज वाचला. 'काका, ग्नोम ४९ डेस्कटॉप ठेवायचा तर बूट करून सेवा चालवायला सिस्टमडी घ्यावं लागतंय, त्याच कामाचं ओपनआरसी ठेवायचं तर ग्नोम जातंय. मत कुणाला देऊ?' तुमच्या एवढ्याशा डिस्ट्रोत, लिनक्सच्या एका छोट्या संचात, यावरून बोलाचाल बंद झाली, हे वाचून वाईट वाटलं. पण मताचं नंतर बघू. आधी सांग, सांभाळणार कोण?

ग्नोमवाल्यांनी जून २०२५ मध्येच सांगितलं होतं: लॉगिननंतर डेस्कटॉप उभा करणाऱ्या ग्नोम-सेशनमधला सेवा चालवणारा स्वतःचा कोड काढतोय, लॉगिनचा पडदा दाखवणारं जीडीएम सिस्टमडीच्या यूजरडीबीवर, म्हणजे वापरकर्त्यांच्या नोंदींवर, जाणार. सप्टेंबरात ४९ आलं, तेव्हा तुम्ही जागे झालात.

असं आधीही झालंय. २०१२ मध्ये जोडलेली उपकरणं ओळखणारं यूडेव्ह सिस्टमडीच्या कोडमध्ये गेलं. मशीनवर कोण बसलंय याची नोंद ठेवणाऱ्या कन्सोलकिटची देखभाल थांबली आणि त्याच्या जागी सिस्टमडीतलं लॉगिनडी आलं. २०१३ च्या ग्नोम ३.८ नंतर लॉगिनडी नसलेल्या मशीनवर काय व्हायचं, ते मी सातपूरच्या एका कारखान्यात पाहिलंय. मेनूतून सस्पेंड गायब. पेनड्राइव्ह लावला की पासवर्डची मागणी, कारण खुर्चीत माणूस बसलाय हेच परवानग्या देणाऱ्या पॉलकिटला कळत नाही. बूट कसं करायचं हे तेव्हा डिस्ट्रोनं कुठे ठरवलं? डेस्कटॉपनं ठरवलं, बूट मागून फरफटत गेलं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियन या मोठ्या डिस्ट्रोच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडी आलं. त्या मतावर लोक अजून भांडतात. नाराज मंडळींनी त्याच वर्षी सिस्टमडीविना चालणारं देवुआन जाहीर केलं. पहिली स्थिर आवृत्ती यायला मे २०१७ उजाडलं. मधली वर्षं एकेका पॅकेजची सिस्टमडीशी पडलेली गाठ सोडवण्यात गेली.

जेंटू या डिस्ट्रोनं यूडेव्हची सिस्टमडीविना चालणारी प्रत, ईयूडेव्ह, काढली आणि २०२१ मध्ये स्वतःच ते थांबवायचं जाहीर केलं. ओपनआरसी न सोडता मूळ यूडेव्हवर परतले. ईयूडेव्ह तगलं, कारण दुसऱ्या डिस्ट्रोंतल्या माणसांनी ते उचललं. लॉगिनडीच्या तशाच प्रतीचं, ईलॉगिनडीचंही तेच. लॉगिनडीतून ते एकदा वेगळं काढून भागत नाही. सिस्टमडी पुढे सरकलं की पुन्हा जुळवायला कुणीतरी बसावं लागतं. कोण बसणार, सांग ना!

मी अजून ओपनआरसीवर आहे. सिस्टमडी वाईट म्हणून नव्हे. सेवा कशी चालवायची ते सांगणारी त्याची दहा ओळींची युनिट फाइल काम करते, सेवा पडली तर उठवते. हे नाकारणाऱ्याशी मी बोलत नाही. पण माझ्या मशीनवर बूट अडलं की स्क्रिप्टच्या कुठल्या ओळीला अडलं ते मला दिसतं, आणि ते मला हवंय. हट्टी म्हणतात, म्हणोत. त्या स्क्रिप्ट मी लिहिल्यात. अपस्ट्रीमनं, म्हणजे मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी, पर्याय बदलले की मीच दुरुस्त करतो, अगदी दिवाळीतसुद्धा. एक पॅच न पाठवता तत्त्वं सांगणाऱ्यांना हा हट्ट धरायचा हक्क नाही. खंत एवढीच, की नाशिकमध्ये पॅकेजिंग शिकलेली पोरं टिकली नाहीत. हात बसला की पुणं गाठायची. तू राहिलीस, म्हणून तुझ्यावर चिडतोय.

आता कागद घे. सिस्टमडीला चिकटलेली ग्नोमची पॅकेजं लिही आणि प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव. 'आपण सगळे' हे नाव नव्हे. जीडीएमपुढे कुणीच नसेल तर दुसरा डिस्प्ले मॅनेजर द्या. ग्नोमचं लॉक स्क्रीन जाईल, ते वापरणाऱ्यांना आधीच सांगा. ग्नोम-सेशनपुढेही जागा रिकामी राहिली तर एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप द्या, रडारड नको. नावं भरली तर ओपनआरसी ठेवा, मी सोबत आहे. आणि सगळीकडे तुझं एकटीचंच नाव आलं तर सरळ सिस्टमडी घ्या. तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे.

रविवारी सकाळी तो कागद घेऊन गंगापूर रोडला घरी ये. जीडीएमचा यूजरडीबीचा भाग तोवर मी वाचून ठेवतो.