फायरवॉल लावल्यापासून डेस्कटॉप मंद का झाला?

तुम्ही लिहिलंय की लिनक्सवर आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे नियम लिहायच्या साधनाचे) कडक नियम लावले, बाहेरून येणारं सगळं ‘ड्रॉप’ केलं, म्हणजे काही न कळवता टाकून दिलं, आणि तेव्हापासून लॉगिननंतर पडदा कोरा राहतो, ब्राउझर अडतो. सीपीयू, मेमरी मात्र निवांत. रॅम वाढवायला इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधलं कम्प्युटर मार्केट गाठू नका, पैसे वाया जातील. मीही इंदूरचाच. रामबागेतल्या एका डीटीपीवाल्यांची मशिनं सांभाळतो, तिथे हेच लक्षण दिसलं होतं.

सीपीयू रिकामा असून काम अडतंय, म्हणजे कुणीतरी उत्तराची वाट बघत बसलंय. मशिनातले बरेच प्रोग्राम आपसातही नेटवर्कवरूनच बोलतात, १२७.०.०.१ या पत्त्यावर, ‘एलओ’ (लूपबॅक) नावाच्या इंटरफेसमधून, म्हणजे मशिनाच्या आतल्याआत फिरणाऱ्या नेटवर्कच्या वाटेतून. उबुंटूत वेबसाइटचं नाव शोधणारी सेवासुद्धा १२७.०.०.५३ वर बसलेली असते. तुमचा नियम या वाटेवरच्या पॅकेटांनाही (माहितीच्या तुकड्यांनाही) गिळतो. ‘रिजेक्ट’ असतं तर लगेच नकार मिळून प्रोग्राम पुढे सरकला असता. ‘ड्रॉप’मध्ये काहीच कळत नाही: नाव शोधणारा सहसा ५ सेकंद थांबून परत विचारतो, टीसीपी जोडणी (ब्राउझर वगैरे वापरतात ती) तर मिनिटभराहून जास्त वेळ खटपट करते. काही प्रोग्राम मात्र नेटवर्क न वापरता युनिक्स सॉकेटवरून (मशिनातल्या थेट जोडणीवरून) बोलतात, त्यांना फायरवॉल आड येत नाही. म्हणून मशीन बंद पडत नाही, नुसतं रेंगाळतं.

उपाय एका ओळीचा: ‘इनपुट’ साखळीत (येणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीत) अगदी वर, ‘एलओ’वरून येणारं सगळं ‘अ‍ॅक्सेप्ट’. ‘आउटपुट’ही (जाणाऱ्या पॅकेटांची साखळी) बंद केलं असेल तर तिथेही तेच. नियम पत्त्यावर नको, इंटरफेसवर लिहा. कारण मशीन स्वतःच्याच १९२.१६८ वाल्या (घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरच्या) पत्त्याशी बोललं तरी ती पॅकेटं ‘एलओ’मधूनच जातात. यानं बाहेरच्यांना दार उघडत नाही, ती धास्ती सोडा.

आयपीव्ही६ चे (पत्त्यांच्या नव्या पद्धतीचे) नियम वेगळे असतात, तिथेही ‘एलओ’ची ओळ हवी; तिथे मशिनाचा आतला पत्ता ::१. बरेच प्रोग्राम ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हेच मशीन) म्हटलं की आधी तिकडेच जातात, त्यामुळे ही अर्धी बाजू राहिली तर मंदपणाही अर्धा राहतो.

नियमांची यादी तपासताना ‘व्हर्बोज’ (सविस्तर) आणि ‘न्यूमेरिक’ (पत्ते आकड्यांतच) दोन्ही पर्याय द्या. पहिला नसेल तर इंटरफेसचा रकानाच दिसत नाही आणि ‘एलओ’चा नियम सगळ्यांना मोकळीक दिल्यासारखा वाटतो, दुसरा नसेल तर प्रत्येक पत्त्याचं नाव शोधत यादीच अडकते. नियम जतनही करा, नाहीतर रीस्टार्टनंतर नवी ओळ गायब. तरीही लॉगिन अडलं तर ती यादी इथे टाका, बघतो.